हात टेकायची जागा

मला गिटार वाजवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. घरात अकरा गिटारी आहेत म्हटलं की लोक म्हणतात, वा, मग होऊन जाऊ द्या काहीतरी. ज्यांनी त्या गोळा केल्या त्या आतोबांनाही वाजवता येत नव्हती. वाजवणारा एकच होता, आणि मी ह्या घरात पाय ठेवायच्या आधीच तो गेला होता. म्हणून ह्या घरातल्या गिटारी मुक्याच. बेसमेंटमधली घर तापवणारी फर्नेस सुरू झाली की मात्र सगळ्यांच्या तारा एकदम बारीक गुणगुणतात, आणि एखादं मांजर अंग घासत गेलं की एखादी तार टण्णकन वाजते. एकोणीस वर्षांचा होतो तेव्हापासून मी त्या आवाजात झोपत आलोय. माझी बायको सुमन म्हणायची, तुम्हाला एवढे मोठे झालात तरी अंगाई लागते. ती गेल्या हिवाळ्यात गेली. फर्नेस अजून सुरू होते.

मी मिरजेचा. वडील तंबोरे-सतारी बनवणाऱ्या एका कारखान्यात पॉलिशचं काम करायचे. कारखाना म्हणजे एक लांबडी खोली, वर आढ्याला वाळके भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि सगळीकडे लाखेचा आणि स्पिरिटचा वास. मी नववीत दोनदा बसलो आणि दोनदा आपटलो. तिसऱ्यांदा वडिलांनी फी भरलीच नाही. म्हणाले, "तुझ्या डोक्यात काय शिरत न्हाई, पण हाताला बरं समजतंय. बोळा धर." कापसाचा बोळा मलमलीत बांधायचा, लाखेत बुडवायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायचं, न थांबता. थांबलं की डाग पडतो. आठव्या वर्षापासून मी ते बघत होतो आणि पंधराव्या वर्षी वडिलांच्या शेजारी बसून करत होतो. आयुष्यात मला नीट आलेलं काम ते एकच, आणि त्यानंच माती केली.

आमची आत्या, वडिलांची धाकटी बहीण, लग्न होऊन कॅनडाला गेलेली. आतोबा म्हणजे तिचे यजमान, सांगलीला इंजिनियरिंग शिकलेले. मूळचे पुण्याचे, शांत, चष्मा पुसत बोलायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा शिरीष अठराव्या वर्षी बर्फावरून गाडी घसरून गेला. त्यानंतर सहा महिन्यांनी आत्याचं वडिलांना पत्र आलं. त्यात एवढंच होतं, "दादा, तुला तीन पोरं आहेत. एक इकडं पाठव. घर अंगावर येतंय." वडिलांनी आम्हा तिघांकडे बघितलं. थोरला कमावता होता, धाकटा हुशार होता. उरलो मी. निघताना वडिलांनी तंबोऱ्याच्या उरलेल्या तुणीच्या लाकडाचा एक पोळपाट करून दिला, पाय त्याच लाकडात कोरलेले, कुठं खिळा नाही. म्हणाले, "रिकाम्या हातानं बहिणीच्या दारात उभा राहू नको."

विमानतळावर आतोबा एकटेच आले होते. हातात एक जाड कोट. मला घालायला लावला, बाह्या बोटांच्या पुढं चार इंच गेल्या. त्यांनी त्या दोन्ही बाह्या स्वतः दुमडल्या, एकेक घडी नीट घालत, आणि म्हणाले, "शिरीष उंच होता." गाडी शहराच्या कडेला, स्कारबरोत, घरापुढं थांबली. दारात आत्या उभी. तिनं मला बघितलं, मग कोट बघितला, आणि पोळपाट हातातून घेऊन नाकाला लावला. "दादाच्या खोलीचा वास येतोय रे," म्हणाली आणि तिथंच पायरीवर बसून रडली. मला वाटलं मी आल्याचा आनंद झाला. एकोणीस वर्षांचं पोर गाढव असतं, काय सांगू.

घर तेच, ज्यात मी आज बसून हे लिहितोय. वर तीन खोल्या, मध्ये हॉल आणि किचन, खाली बेसमेंट. मला बेसमेंटमध्ये पलंग दिला, आणि तिथंच भिंतीवर गिटारी. तेव्हा नऊ होत्या, पुढं दोन वाढल्या. सगळ्या जुन्या, कोणी आजोबा मेल्यावर विकायला काढलेल्या, कोणी नाद सुटल्यावर. शिरीष होता तोवर आतोबा त्याच्या एका गिटारीवर खेकसायचे, "ती टणटण बंद कर, परीक्षा आहे." तो गेल्यावर दर शनिवारी जुन्या सामानाची दुकानं फिरायला लागले. एक आणली, दुसरी आणली. आत्या म्हणायची, "आता आणून काय उपयोग?" ते म्हणायचे, "त्याला ही दाखवायची राहिली होती." गिटारींच्या एका कॅटलॉगमध्ये शिरीषनं पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्या होत्या. त्या खुणांप्रमाणे हे आणत होते. एक इंजिनियर माणूस, हातात मेलेल्या पोराची यादी घेऊन शहरभर फिरायचा. हिवाळ्यात इथली हवा कोरडी पडते आणि लाकूड तडकतं, म्हणून बेसमेंटमध्ये वाफेचं एक यंत्र रात्रंदिवस चालायचं. आतोबा सकाळी ऑफिसला जायच्या आधी त्यात पाणी भरायचे आणि प्रत्येक गिटारीवर बोटानं टकटक करून कान द्यायचे. मी पांघरुणातून बघायचो. आमच्या कारखान्यात भोपळा असाच वाजवून बघतात.

मांजरं तीन. गोट्या नावाचा बोका, आळशी आणि वजनदार, वाफेच्या यंत्राशेजारीच पडून असायचा. दुसरी साय, पांढरट, दुधावरची साय चोरायची म्हणून ते नाव. आणि तिसरी मिरी. काळी, म्हातारी, एका कानाला खाच. ती शिरीषची. त्यानं तिचं नाव इंग्रजीत पेपर, म्हणजे मिरं, असं ठेवलं होतं, आत्यानं तिची मिरी केली. ही मिरी कुणाच्या मांडीवर जायची नाही. शिरीषच्या गिटारीची पेटी खाली फरशीवर उघडी ठेवलेली असायची. गिटार आत, आणि गिटारीच्या कमरेच्या खोलगट जागेत मिरी अंगाची गुंडाळी करून. गाल लाकडाला टेकवून झोपायची. लाकडावर एका ठिकाणी पॉलिश पार उडून गेलं होतं. वाजवताना उजवा हात जिथं टेकतो, तिथं तळहाताएवढी जागा उघडी, मळकट, घामानं काळपट झालेली. मिरी गाल तिथंच टेकवायची.

मांजरांना खायला माशाचे डबे. आतोबा शाकाहारी, पण डबा उघडायचं काम त्यांचंच. नाकाला रुमाल बांधून, डबा हातभर लांब धरून उघडायचे. आत्या हसायची, "बघ रे बाळू, कसं सोवळं चाललंय!" आत्याच्या हसण्याचे प्रसंग एवढेच, म्हणून लक्षात आहेत. तिच्या हाताला चव मिरजेचीच. इथल्या सिरिअलच्या डब्यातल्या कुरमुऱ्यांचं भडंग करायची, लसूण आणि मेतकूट टाकून. कुरमुरे गोड असायचे, त्यामुळं भडंग विचित्र लागायचं. "खा की रे," म्हणायची, "गोड लागतंय म्हणून काय भडंग न्हाई व्हय ते?" आणि पोळ्या वडिलांच्या पोळपाटावर. संध्याकाळी वर लाटण्याचा आवाज, खाली तारांची गुणगुण. एवढ्या आवाजात आम्ही तिघं न बोलता जेवायचो. टेबलाला चार खुर्च्या होत्या. चौथीवर कुणी बसत नसे, मीही नाही. मला स्टूल होतं.

दर रविवारी अंघोळ झाली की आतोबा खाली यायचे. मिरीला हळूच उचलून बाजूला ठेवायचे. शिरीषची गिटार मांडीवर घ्यायचे, उजवा हात त्या उघड्या जागेवर टेकवायचे, आणि बसायचे. तारेला बोटसुद्धा नाही. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. मग त्या जागेवरून अंगठा फिरवायचे आणि सुस्कारा टाकून गिटार परत पेटीत. मी हे वर्षभर बघितलं. आणि माझ्या अडाणी डोक्यानं त्याचा अर्थ काय लावला? की पॉलिश उडालंय म्हणून ह्यांना वाईट वाटतं.

हसू नका. मी ज्या खोलीत वाढलो तिथं उघडं लाकूड म्हणजे लाज. गायक मंडळी वर्षभर तंबोरा वापरायची, आणि दसऱ्याच्या आधी यच्चयावत वाद्यं कारखान्यात यायची. जुनं पॉलिश खरवडून नवं करायचं, आणि खंडेनवमीला आरशासारखं लखलखीत वाद्य पूजेला मांडायचं. कुणाचं वाद्य उघड्या लाकडानं पूजेला गेलं तर वडील मान खाली घालायचे, जणू त्यांच्याच धोतराची गाठ सुटली. आणि इथं मी काय करत होतो? शहराच्या दुसऱ्या टोकाला, एटोबिकोच्या एका हॉटेलात भांडी घासत होतो, दोन बसा बदलून जात होतो. इंग्रजी येत नव्हतं, शाळेचा कागद नव्हता. शिरीषच्या जागेवर मला आणलंय हे कुणी बोललं नाही तरी मला कळत होतं, आणि त्या जागेवर मी चार इंच तोकडा पडतो हेही. मला एकदा तरी त्या घराच्या उपयोगी पडायचं होतं.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात आत्या आणि आतोबा सस्काटूनला गेले, आतोबांच्या जुन्या मित्राकडे. घर आणि मांजरं माझ्यावर सोपवून. मी हार्डवेअरच्या दुकानातून लाख आणली, स्पिरिट, पॉलिश पेपर. गराजचं दार उघडं टाकून दिवसाच्या उजेडात कामाला बसलो. मिरी पेटीतून हलेना, तिला दोनदा उचलून बाहेर काढली, एकदा तिनं बोचकारलं मला. आधी जुनं सगळं घासून काढलं. ती काळपट जागा हट्टी होती, घाम लाकडात खोल मुरलेला, पण मी सोडली नाही. खालून कोवळं पिवळं लाकूड आलं तेव्हा मला काय आनंद झाला! मग बोळा. तीन दिवस गोल गोल, न थांबता. लाख थंडीत तडकेल म्हणून वरून दुकानातल्या कडक वार्निशचे दोन हात दिले. शेवटी गिटारीत माझं तोंड दिसायला लागलं. वडिलांनी बघायला पाहिजे होतं असं वाटलं. असं काम त्याआधी मी कधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही.

खंडेनवमीला दुपारी ते दोघं परतणार होते. मी हॉलमध्ये पाट मांडला. झेंडू नव्हता, दुकानातून पिवळी शेवंती आणली. आतोबांचा मोजपट्टीचा डबा, आत्याची विळी, माझा बोळा, आणि मधोमध गिटार. बाकीच्या गिटारी मागं भिंतीला उभ्या. अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून मी दाराशी थांबलो.

आत्या पुढं आली. "अगं बाई, पूजा मांडलीस! गुणाचं पोर गं माझं," म्हणत कुंकवाचा करंडा घेऊन खाली बसली. बोट कुंकवात बुडवलं आणि गिटारीकडे नेलं. बोट मध्येच थांबलं. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि मग नवऱ्याकडे. आतोबा अजून बूट काढत होते.

"अहो," ती म्हणाली. एवढंच.

आतोबा आले. चष्मा काढला, पुसला, घातला. खाली बसून गिटार मांडीवर घेतली. उजवा हात नेहमीच्या जागी टेकवायला गेले, आणि हात घसरला. नव्या वार्निशवरून सरळ खाली घसरून मांडीवर आला. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला. मी तिथं उभा राहून हसत होतो. खरं सांगतो, अभिमानानं हसत होतो. म्हणालो, "कसं झालंय, आतोबा?"

त्यांनी बराच वेळ गिटारीत बघितलं. त्यांचंच तोंड दिसत असणार त्यांना.

"छान झालंय," ते म्हणाले. "वडिलांचा हात आहे तुझ्या हाताला. छान झालंय हो, बाळ."

गिटार पाटावर ठेवून त्यांनी तिला नमस्कार केला, मला जवळ घेऊन पाठीवर थोपटलं, आणि वर जाऊन खोलीचं दार लावून घेतलं.

तेवढ्यात मिरी आली. सरळ पाटाशी गेली, गिटारीच्या त्या जागेशी नाक नेलं, हुंगलं. शिंकली. बाजूनं फिरून परत हुंगलं, पंजानं एकदा ओरबाडलं, नख सरकलं. मग तोंड फिरवून बाहेरच्या दाराशी जाऊन बसली आणि ओरडायला लागली. मांजर भुकेनं ओरडतं तसं नाही. शिरीष गेला त्या आठवड्यात ती अशीच ओरडत होती, हे मला आत्यानं नंतर सांगितलं.

"काय झालं हिला?" मी विचारलं.

आत्या पाटासमोरून उठली नव्हती. बोटावरचं कुंकू पदराला पुसत होती. "बाळू," ती म्हणाली, "त्याचा हात होता रे तिथं. पाच वर्षं घासून घासून त्यानं ती जागा केली होती. त्याचा घाम होता. कपडे धुऊन झाले, गादी फेकली, खोलीला रंग दिला, वास कुठंच राहिला नव्हता. तेवढाच होता तिथं." मग दाराकडे बघून म्हणाली, "तिला कळलं बघ. तुला न्हाई कळलं."

मी वर गेलो. दार वाजवलं. "आतोबा, चुकलं माझं."

आतून आवाज आला, "काय चुकलं? काही नाही चुकलं. जेवून घ्या तुम्ही."

त्यानंतर ते चौदा वर्षं जगले. मी किती वेळा विषय काढला असेल. गाडीत काढला, हॉस्पिटलात काढला. प्रत्येक वेळी तेच. "कशाबद्दल बोलतोयस तू? छान केलं होतंस." मला माफी मागायलासुद्धा जागा ठेवली नाही त्या माणसानं. रविवारी बेसमेंटमध्ये यायचे बंद झाले. शनिवारची दुकानं बंद झाली, यादीवरच्या शेवटच्या तीन खुणा तशाच राहिल्या. वाफेच्या यंत्रात पाणी मी भरायला लागलो. मिरी दाराशी पंधरा दिवस बसली, मग उठली, पण पेटीत पुन्हा कधी गेली नाही. बर्फ वितळायच्या आत मेली. मागच्या अंगणात जमीन गोठलेली, खणता येईना, म्हणून आतोबांनी तिला फडक्यात गुंडाळून गराजमध्ये ठेवली आणि एप्रिलात पुरली. मला हात लावू दिला नाही. रागानं नाही, "तू दमतोस," म्हणाले.

जेवायच्या टेबलावर मात्र त्या दसऱ्यानंतर एक झालं. आतोबांनी स्टूल काढून टाकलं आणि चौथी खुर्ची माझ्यासाठी ओढली. मी बसलो. चांगली खुर्ची होती. त्या खुर्चीवर मला आजवर एक घास गोड लागलेला नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. लग्न झालं, सुमन आली. आत्यानं तिला पोळपाट दिला, पुढं घरही आमच्या नावावर केलं. सुमनला ही गोष्ट मी पहिल्याच वर्षी सांगितली. तेव्हापासून गिटारी पुसताना ती शिरीषची सोडून बाकीच्या पुसायची. आतोबा गेल्यावर मी रविवारी खाली बसायला लागलो. गिटार मांडीवर घ्यायची आणि हात तिथं घासायचा. कुणी म्हणेल वेडेपणा. मला वाटायचं, निदान माझ्या हातानं ते वार्निश झिजावं, खालचं लाकूड तरी उघडं पडावं. शिरीष तर काही येणार नाही. मध्ये एकदा जुन्या गिटारींचा एक जाणकार आला होता. दहा गिटारी बघून त्याचे डोळे चमकले, अकरावी हातात घेतली आणि म्हणाला, "हू डिड धिस?" मी म्हटलं, "मी." त्यानं ती परत पेटीत ठेवली.

सुमन डावखुरी. पोळी डाव्या बाजूला जोर देऊन लाटायची, त्यामुळं वडिलांचा पोळपाट चाळीस वर्षांत डाव्या अंगाला खोलगट झाला होता. काठाला तिच्या अंगठ्याची जागा पडली होती. ती फार स्वच्छ बाई. रोज सगळं पुसायची, धुवायची, जागच्या जागी ठेवायची. ती गेल्यावर मी घरभर शोधलं, कुठं तिचं काही राहिलंय का. उशीचा अभ्रा मुलीनं पहिल्याच दिवशी धुतला होता. कपाटात डांबराच्या गोळ्यांचा वास. कंगवासुद्धा स्वच्छ. पोळपाट तेवढा सापडला. मला पोळ्या येत नाहीत, पण रोज सकाळी मी त्यावर पीठ भुरभुरायचो आणि अंगठा तिच्या अंगठ्याच्या जागी ठेवायचो. पीठ त्या खोलगट भागात जाऊन बसायचं.

मागच्या मंगळवारी माझी डॉक्टरची अपॉइंटमेंट होती. घरी आलो तर मुलगी, मनीषा, आलेली. किचन लख्ख. ओट्यावर नवा कोरा पोळपाट, गुळगुळीत, फिकट लाकडाचा, खाली रबराचे पाय. "बाबा, सरप्राइज! तो जुना वॉज सो ग्रॉस, क्रॅक्समध्ये मोल्ड होता. यू विल गेट सिक." मी विचारलं, जुना कुठं आहे. "गार्बेज ट्रक सकाळीच येऊन गेला." मग माझ्याकडे बघायला लागली. तिचे डोळे सुजलेले होते. आई गेल्यापासून तीही धड झोपलेली नाही. दिवसभर राबून तिनं माझं किचन घासलं होतं, हाताला ब्लीचचा वास येत होता. बापाच्या एकदा तरी उपयोगी पडावं म्हणून.

"डू यू लाइक इट?" तिनं विचारलं.

मी हात टेकवला. हात घसरला.

"छान आहे," मी म्हटलं. "छान आहे हो, बाळ."

तिनं मला मिठी मारली. हलकी होऊन गेली घरी. मी बेसमेंटमध्ये उतरलो. आमच्या हल्लीच्या दोन मांजरी पलंगावर झोपल्या होत्या, त्यांनी डोळा उघडून बघितलं आणि मिटला. शिरीषची गिटार मांडीवर घेतली, खिडकीकडे धरली. एवढी वर्षं दर रविवारी मी तिथं हात घासतोय. वार्निशला ओरखडा नाही. माझं म्हातारं तोंड त्यात स्पष्ट दिसत होतं. काम पक्कं झालंय.